विद्यापीठाच्या रिसर्च डेला जावं का? फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलाच्या आईला उत्तर

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला फ्रॅजाइल एक्स आहे, म्हणजे एका जनुकातल्या बदलामुळे येणारी, बुद्धी आणि वागणूक यांवर परिणाम करणारी आनुवंशिक अवस्था. तुम्ही अमेरिकेत राहता. जवळच्या विद्यापीठात मेंदूविज्ञान आणि विकासात्मक अक्षमता या विषयांवरचा वार्षिक रिसर्च डे आहे आणि या वेळी पालकांनाही आमंत्रण आहे. मागच्या वर्षी तुमचे मिस्टर एकटे गेले, ‘उंदरांमध्ये हे बरं करता येतं’ असं ऐकून आले आणि पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. नंतर तेच औषध माणसांवर चाललं नाही हे इंटरनेटवर वाचलं आणि दोघंही खचलात. आता जावं का, आणि तिथे मुलाचं नाव अभ्यासात नोंदवायला सांगितलं तर काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे. शेवटी एक वाक्य आहे: सांगलीला बाबांचा तोल जातो, हात थरथरतात, धाकटी बहीण पुण्याहून दर शनिवारी धावते, त्यामुळे तसंही मन थाऱ्यावर नाही.

त्या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात तातडीचं वाक्य मला तेच वाटलं. घाई असेल तर खाली जाऊन तेवढंच आधी वाचा.

मी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आहे. डॉक्टरकी पुण्यात शिकले, पण कामाची बावीस वर्षं इथे अमेरिकेतच गेली. अशा रिसर्च डेला दरवर्षी जाते, कधी बोलायला, बहुतेकदा विद्यार्थी आपलं संशोधन ज्यावर मांडतात त्या पोस्टरसमोर उभं राहायला. त्यामुळे सांगते, जा. या वेळी दोघं मिळून जा, म्हणजे ऐकलेलं घरी आल्यावर एकमेकांशी पडताळून पाहता येईल. मुलाला न्यायचं का, हे त्याच्यावर अवलंबून आहे. पोस्टरचा हॉल म्हणजे शंभर माणसांचा एकत्र कलकलाट, आणि आपल्या मुलांना आवाज आणि अनोळखी नजरा किती जड जातात हे मी तुम्हाला सांगायला नको. शांत खोलीची सोय आहे का ते आधी विचारा. नसेल तर त्याला घरीच राहू दे.

पण जायचं की नाही, हा खरा प्रश्न नाही. तिथे ऐकलेल्या गोष्टीचं घरी येऊन करायचं काय, हा आहे. त्यासाठी उंदरांची गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल.

एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर१ या जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती ४४ पेक्षा जास्त वेळा येत नाहीत. ती २०० च्या वर गेली (याला फुल म्युटेशन म्हणतात) की जनुकाला जणू कुलूप लागतं आणि एफएमआरपी हे प्रथिन बनेनासं होतं. मेंदूच्या पेशी जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे नवी प्रथिनं किती बनवायची यावर हे एफएमआरपी ब्रेक ठेवतं. हे जनुक १९९१ मध्ये सापडलं, आणि ते काढून टाकलेले उंदीर १९९४ मध्ये तयार झाले. २००४ मध्ये मार्क बेअर, किंबर्ली ह्युबर आणि स्टीफन वॉरन या शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. गाडीला ब्रेक नाही, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून पाहू. तो ॲक्सिलरेटर म्हणजे एमग्लूआर५ नावाचा रिसेप्टर, पेशीवरचा संदेश टिपणारा रेणू. २००७ मध्ये बेअर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये तो जनुकीय पद्धतीने निम्म्यावर आणला, आणि खरोखरच बऱ्याच गोष्टी जागेवर आल्या. मोठ्या आवाजाने येणारे फिटचे झटके कमी झाले, मेंदूच्या पेशी जिथे जोडल्या जातात त्या काट्यांसारख्या टोकांची वाढलेली संख्या घटली, प्रथिनांचं उत्पादन आटोक्यात आलं. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी ऐकलं ते खोटं नव्हतं.

मग माणसांवर ट्रायल झाल्या. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या माव्होग्लुरँट या एमग्लूआर५ ला रोखणाऱ्या औषधाच्या दोन ट्रायलमध्ये १७५ प्रौढ आणि १२ ते १७ वयोगटातले १३९ जण होते. प्रत्येकाला १२ आठवडे औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०१६ मध्ये छापून आलेला निकाल असा की दोन्ही गटांत फरक नाही. दोन्ही गटांतल्या पालकांनी सुधारणा नोंदवली होती, आणि ती जवळपास सारखीच होती.

असं का झालं याची कारणं बरीच आहेत. पिंजऱ्यातले सगळे उंदीर एकाच जनुकीय साच्यातले असतात, आपली मुलं नसतात. उंदरात ते जनुक काढून टाकलेलं असतं, मुलांमध्ये ते जागेवर असतं पण बंद. ट्रायलमधली माणसं किशोर आणि प्रौढ होती, म्हणजे मेंदूच्या घडणीची सुरुवातीची वर्षं मागे पडलेली. हे औषध सतत दिलं तर त्याचा परिणाम ओसरत जातो, हेही पुढे उंदरांमध्येच दिसलं. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. उंदरांत जे मोजलं होतं ते माणसांत मोजलंच नव्हतं. तिकडे प्रथिनं, पेशी, झटके आणि शिकणं मोजलं. इकडे मुख्य माप होतं ते पालकांनी भरायच्या वागणुकीच्या प्रश्नावलीचं: चिडचिड किती, एकटं राहणं किती, तेच तेच बोलणं किती.

त्या काळात वेगवेगळ्या ट्रायलमध्ये असलेली काही कुटुंबं माझ्याकडे यायची. एक आई म्हणाली, “हल्ली बसमध्ये चढण्याआधी तो मागे वळून माझ्याकडे बघतो.” चौदा वर्षांत तो कधी वळला नव्हता. हे लिहायला प्रश्नावलीत चौकटच नव्हती. त्याला औषध मिळत होतं की प्लासिबो, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं, तिलाही नाही. म्हणूनच ज्यावर आईच्या आशेचा रंग चढणार नाही आणि तरीही ते वळून बघणं ज्यातून निसटणार नाही, असं माप हवं. हे फार अवघड काम आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम सध्या तेच आहे.

मापाची दुसरी अडचण सांगते, ही तुम्हाला मुलाच्या आयक्यू रिपोर्टमध्येही भेटली असेल. बुद्धिमापनाच्या नेहमीच्या चाचण्यांत आपली पुष्कळ मुलं तळाच्या आकड्यावर येतात. धान्याच्या काट्यावर केशर ठेवल्यासारखं होतं ते, चिमूटभर ठेवा नाहीतर दोन चिमटी, काटा हलत नाही. वर्षभर कष्ट करून मूल पुढे गेलं तरी रिपोर्टवर तोच आकडा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डेव्हिड हेसल यांच्या गटाने या तळाच्या आकड्यांखालचे फरक उलगडायची पद्धत काढली आणि टॅब्लेट संगणकावर घ्यायच्या चाचण्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी जुळवून घेतल्या. २०२१ मध्ये झाटोल्मिलास्ट या वेगळ्या औषधाचा ३० प्रौढ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात याच चाचण्यांपैकी शब्दओळख आणि वाचन यांत फरक दिसला. तीस माणसांच्या अभ्यासावर घरातले बेत आखायचे नसतात. पण आता निदान मोजायला काटा तरी बरा आहे, आणि मला आशा वाटते ती तेवढ्यासाठी.

म्हणून पोस्टरसमोर उभ्या राहाल तेव्हा ‘औषध कधी येणार’ हे विचारू नका. बिचारा पीएचडीचा विद्यार्थी त्याला काय उत्तर देणार! त्याला विचारा, “तुम्ही काय मोजलंत? आणि माझ्या मुलात ते बदललं, तर मला घरात काय वेगळं दिसेल?” या एका प्रश्नावर मी चांगले चांगले प्राध्यापक थांबून विचार करताना पाहिले आहेत. मग विचारा की अभ्यासात मुलं किती होती, कोणत्या वयाची, आणि न बोलणारी किंवा फिट येणारी मुलं वगळली होती का. तुमच्या मुलासारखी मुलं त्यात नसतील, तर निकाल कितीही चांगला असो, तो आज तुमच्यासाठी नाही. बहुतेक विद्यार्थ्यांना पालक भेटले तर आनंदच होतो. वर्षानुवर्षं पेशींचे फोटो काढणाऱ्यांपैकी कित्येकांनी फ्रॅजाइल एक्स असलेलं मूल कधी जवळून पाहिलेलं नसतं. तुम्ही त्यांना मोबाइलवरचा मुलाचा एखादा व्हिडिओ दाखवलात तर तो त्यांच्याही लक्षात राहील.

पालकांना तिथे पाहुणे म्हणून बोलावतात असं समजू नका. अमेरिकेत विद्यापीठांमधली ही संशोधन केंद्रं उभी राहिली ती १९६३ च्या कायद्यामुळे. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली. त्यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती आणि दुसरी बहीण युनिस हिने या प्रश्नाचा पिच्छा सोडला नव्हता. या शाखेतली गाजलेली यशोगाथा फिनाइलकीटोनुरियाची, म्हणजे अन्नातला एक घटक शरीराला पचवता न आल्याने मेंदूचं नुकसान करणाऱ्या जन्मजात आजाराची. तीही एका आईपासूनच सुरू होते. नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलांड यांच्या दोन्ही मुलांच्या लघवीला विचित्र वास यायचा. त्या डॉक्टरमागून डॉक्टर पालथे घालत राहिल्या. १९३४ मध्ये ॲस्ब्यॉर्न फोलिंग यांनी त्यांचं म्हणणं मनावर घेऊन ती लघवी तपासली आणि आजाराचं मूळ सापडलं. आज नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून तो ओळखतात आणि आहार बदलून मेंदू वाचवतात.

आता अभ्यासात नाव नोंदवायचं का. ‘अभ्यास’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. प्रश्नावल्या, थुंकीचा नमुना, वर्षातून एकदा भेट, डोळे कुठे बघतात ते टिपणारा कॅमेरा, मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारी ईईजीची टोपी, यांना मी बहुधा हो म्हणायला सांगते. जोखीम नगण्य, आणि नोंदणीत नाव असलं की पुढच्या अभ्यासांची माहिती मिळत राहते. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, पण आवाज प्रचंड असतो. सरावासाठी खोटं मशीन आहे का ते विचारा, चांगल्या केंद्रांत असतं. औषधाची ट्रायल आली तर मात्र मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका. ट्रायल म्हणजे उपचार नव्हे, ती प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असते. मुलाला प्लासिबो मिळू शकतो, आणि ट्रायल संपल्यावर औषध मिळेलच असं नाही. ते कळल्यावरही तुमचं मन हो म्हणत असेल तर जरूर हो म्हणा. आणि त्याला टोपी नको असेल, तो हात झटकत असेल, तर ते त्याचं ‘नाही’ आहे. ते मानणारे लोक निवडा.

एक गोष्ट मराठी घरांसाठी खास. या चाचण्या इंग्रजीत असतात. तुमचा मुलगा घरी ‘पाणी दे’, ‘आजी कुठे’ म्हणत असेल आणि शाळेत इंग्रजी, तर इंग्रजी चाचणीत त्याचे निम्मे शब्द मोजलेच जात नाहीत. संशोधकांना हे आपण होऊन सांगा आणि तो मराठीत काय काय बोलतो त्याची यादी द्या. आणि कुणी ‘गोंधळ नको म्हणून घरीही इंग्रजीच बोला’ असं सुचवलं तर ऐकू नका. डाउन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे नुकसान झालेलं दिसलेलं नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांतही मला ते दिसलेलं नाही. जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते, तिच्यातच तुम्ही त्याच्याशी जास्त बोलाल. तेच माव्होग्लुरँट पुढे अडीच ते सहा वर्षांच्या लहान मुलांवर तपासलं, तेव्हा सोबत पालकांच्या मदतीने भाषेची थेरपीही दिली. २०२४ मध्ये त्याचा निकाल आला. औषधाने फरक पडला नाही, पण औषध आणि प्लासिबो या दोन्ही गटांतली मुलं भाषेत पुढे गेली. थेरपी न दिलेला गट नव्हता, त्यामुळे श्रेय थेरपीचंच असं सिद्ध होत नाही. तरीही मी पालकांना ही थेरपी शिकून घ्यायला सांगते. त्या दिवशी स्पीच थेरपीचं टेबल असेल तर उंदरांच्या पोस्टरआधी तिथे जा.

आता बाबांबद्दल.

तुमच्या मुलाला हे तुमच्याकडून आलं, कारण मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतो. यात दोष कुणाचाच नाही. आपल्याकडे सुनेला काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. हे कुणी केलेलं नाही, आणि टाळण्यासारखं कुणाला काही कळलेलंही नव्हतं. तुमच्यात सीजीजीची संख्या बहुधा ५५ ते २०० च्या मधली असेल, याला प्रीम्युटेशन म्हणतात. ती तुमच्याकडे तुमच्या आईकडून आली असेल किंवा बाबांकडून.

पूर्वी समज होता की प्रीम्युटेशन असलेल्यांना काही होत नाही. डेव्हिसच्याच रँडी हॅगरमन यांच्याकडे मुलांना घेऊन येणाऱ्या आया मात्र सांगायच्या की आमच्या वडिलांचे हात थरथरतात, ते पडतात. मुलाच्या तपासणीत आजोबांच्या हाताचं काय, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं नाही. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा पाच पुरुषांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज त्या आजाराला एफएक्सटीएएस म्हणतात. प्रीम्युटेशन असलेल्या पुरुषांपैकी साधारण ४० टक्क्यांना पन्नाशीनंतर तो होतो, स्त्रियांना त्यापेक्षा कमी. वस्तू उचलायला हात पुढे केला की थरथर वाढते, चालताना पाय फाकतात, तोल जातो, पुढे विसरभोळेपणाही येऊ शकतो. आपल्याकडे त्यावर सहज पार्किन्सनचा शिक्का बसतो.

तुमच्या बाबांना हेच आहे असं मी म्हणत नाही. त्या वयात थरथरीची आणि तोल जाण्याची कारणं पुष्कळ असतात, आणि न तपासता इथून लिहून निदान करणं चूक ठरेल. पण नातवाला फ्रॅजाइल एक्स आहे हे त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टला कुणी सांगितलंय का? सांगितलं नसेल तर त्यांच्या मनात हे येण्याचं कारणच नाही. एफएमआर१ ची रक्ततपासणी भारतात होते. एमआरआय झाला असेल तर छोट्या मेंदूला जोडणारे देठ, मिडल सेरिबेलर पेडंकल, पुन्हा बघायला सांगा, या आजारात बऱ्याचदा खूण तिथे दिसते. यावर मुळावर घाव घालणारं औषध नाही, पण निदान बरोबर असलं की नको ती औषधं टळतात आणि पडू नये म्हणून फिजिओथेरपी वेळेवर सुरू होते.

आणि धाकटी बहीण. हे बाबांकडून आलं असेल, तर ते तिच्याकडेही आहेच, कारण वडिलांकडे मुलीला द्यायला एकच एक्स असतो. आईकडून आलं असेल, तर तिच्याकडे असण्याची शक्यता निम्मी. तिचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, मूलबाळ आहे का तेही नाही. पण प्रीम्युटेशन असलेल्या साधारण पाचातल्या एकीची पाळी चाळिशीच्या आत थांबते, म्हणून तिला हे आज कळणं आणि पाच वर्षांनी कळणं यात फार फरक आहे. दिवस गेले असतील तर अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या अंशावरून बाळाची तपासणी करता येते. भारतातला कायदा लिंग सांगायला बंदी करतो, पण आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करू देतो. तपासायचं की नाही, आणि त्याचं पुढे काय करायचं, हे तिचं तिने ठरवायचं. तिला हे तुमच्याकडून कळायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

रिसर्च डेला जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारे तज्ज्ञ, कदाचित भेटतील, पण त्यासाठी थांबू नका, तुमच्या क्लिनिकमधल्या काउन्सेलरला आजच फोन करा. तुमचा स्वतःचा सीजीजीचा आकडा रिपोर्टमधून काढून ठेवा. बहिणीला आज रात्री फोन करून बोला आणि मग हे पाठवा, म्हणजे डॉक्टरांना तसंच दाखवता येईल:

“माझ्या मुलाला फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम आहे, एफएमआर१ फुल म्युटेशन. मी प्रीम्युटेशन वाहक आहे, माझा सीजीजी आकडा अमुक आहे. बाबांना हाताची थरथर आणि तोल जाण्याचा त्रास आहे. कृपया त्यांची एफएमआर१ सीजीजी तपासणी करावी, एफएक्सटीएएसचा विचार करावा आणि एमआरआय त्या दृष्टीने पुन्हा पाहावा. माझ्या बहिणीलाही जेनेटिक काउन्सेलिंग आणि वाहक तपासणी हवी आहे.”